कापसाचा ढीग आणि पेंग्विनचा फोटो



मे महिन्यात अंग भाजून काढणाऱ्या जळगाव-धुळ्यात 'बर्फाळ प्रदेश' शिकवायचा म्हणजे मुलांना ते गोष्टीतलं जग वाटतं. पण बर्फाचा फोटो कसा काढतात हे शिकायला आपल्याकडे उत्तम साधन आहे. ते म्हणजे कापूस!

कॅमेरा कुठे फसतो?

समोरचं दृश्य साधारण करड्या छटेचं असणार, असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. सगळीकडे पांढरंच दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो फोटो काळसर करतो. म्हणून शुभ्र बर्फ फोटोत मळकट येतो. पेंग्विनची तर दुहेरी अडचण : पाठ काळी, पोट पांढरं. उजेड कमी पडला तर पाठीचा नुसता काळा डाग दिसतो, जास्त झाला तर पोटावरची पिसं दिसत नाहीत.

मुलांकडून करून घ्या

१. वेचणीच्या दिवसांत कापसाच्या ढिगाचा मोबाईलने फोटो काढा. ढीग चौकटभर दिसू द्या.
२. आता स्क्रीनवर ढिगाला बोट लावा. सूर्याचं चिन्ह येईल, ते थोडं वर सरकवून दुसरा फोटो काढा.
३. ढिगावर काळी छत्री ठेवून तिसरा काढा. छत्रीच्या घड्या आणि कापसाचे तंतू दोन्ही दिसले पाहिजेत.
४. तिन्ही फोटो शेजारी ठेवून विचारा : डोळ्यांना दिसला तसा कापूस कोणत्या फोटोत आहे?

आपली माणसं तिथे गेली आहेत

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. नागपूरला जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत १९८३-८४ च्या मोहिमेत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या भारताच्या मोहिमेतून तिथे गेलेल्या पहिल्या भारतीय महिला. आज तिथे 'मैत्री' आणि 'भारती' ही आपली केंद्रं आहेत. तिथल्या थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवतात.

मुंबईच्या राणीच्या बागेतले पेंग्विन मात्र हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. म्हणजे सगळेच पेंग्विन बर्फात राहत नाहीत, हेही मुलांना सांगा. तिथे काचेतून फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि मोबाईल काचेजवळ धरा, म्हणजे चकाकी येणार नाही.

फोटोपेक्षा पक्षी मोठा

अंटार्क्टिकात पेंग्विनपासून निदान ५ मीटर लांब राहायचा नियम आहे. माणूस फार जवळ गेला तर पेंग्विन अंड्यावरून उठतो. मग अंडं गारठतं किंवा स्कुआ पक्षी ते पळवतो. आपल्या शेतातली टिटवीसुद्धा उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती ओरडत उडाली, की उन्हात तिची अंडी तापू लागतात. अशा वेळी मोबाईल खिशात टाकून मागे फिरायचं. हा धडा शेतातच शिकवा, तो आधी. कापसाचा नंतर घेतला तरी चालेल.