जुना मोबाईल भांडीवाल्याला देण्याआधी हे वाचा



31 जुलैपर्यंत मासेमारी बंद. होड्या वर काढल्यात, जाळी विणून झाली, आता घरातली आवराआवर चालू आहे. कपाटातून दोन-तीन जुने मोबाईल निघतातच. एकाचा काच फुटलेला, एक खाऱ्या पाण्यात पडलेला. नेमके याच दिवसांत वाड्यावर "जुना मोबाईल द्या, टब घ्या" म्हणत लोक फिरतात. बायका टब घेतात आणि विषय संपला असं वाटतं.

तो तिथे संपत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये तेलंगणात रामगुंडम भागात पोलिसांनी बिहारच्या तिघांना पकडलं. त्यांच्याकडे सुमारे 4 हजार जुने फोन सापडले. गावोगाव फिरून, थोडे पैसे नाहीतर प्लास्टिकचं सामान देऊन गोळा केलेले. ते झारखंडातल्या ऑनलाईन फसवणूक करणाऱ्या टोळ्यांकडे जाणार होते. बंद फोनसुद्धा त्यांना चालतो, कारण आतला मदरबोर्ड दुरुस्त करून परत वापरता येतो. प्रत्येक फोनला आयएमईआय नावाचा स्वतःचा नंबर असतो, जसा आपल्या होडीला रजिस्ट्रेशन नंबर. उद्या त्या नंबरवरून तपास मागे आला, तर आधी त्यात सिम कोणाचं होतं? तुमचं. शंभर रुपयांच्या टबासाठी एवढी जोखीम कशाला?

आता दुसरी गोष्ट, आपल्याकडे जास्त होणारी. मालक नवीन फोन घेतो आणि जुना खलाशाला देतो. देणं चांगलंच आहे, चालू फोन आणखी दोन-तीन वर्षं वापरला जाणं हाच त्याचा सगळ्यात चांगला उपयोग. पण आत बँकेचं अ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, आधारचे फोटो तसेच असतात. नुसते फोटो डिलीट करून भागत नाही. आधी हवं ते नवीन फोनवर घ्या. मग सेटिंगमध्ये जाऊन गूगल अकाऊंट काढा आणि शेवटी फॅक्टरी रिसेट करा. हा क्रम चुकवू नका. अकाऊंट न काढता रिसेट केलात तर फोन पुन्हा तुमचाच पासवर्ड मागत बसतो, आणि तोवर खलाशी गावी पोचलेला असतो. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. देताना *#06# दाबून आयएमईआय लिहून ठेवा, कोणाला कधी दिला त्याची चिठ्ठी करून सही घ्या. कागद असलेला बरा.

जुना फोन होडीवरही कामाला येतो. जीपीएसला सिम लागत नाही, ते सिग्नल थेट उपग्रहाकडून येतात. नकाशा किनाऱ्यावर असतानाच डाऊनलोड करून ठेवला तर रेंज गेल्यावरही जागा कळते. मात्र हा फक्त जोडीला. व्हीएचएफ आणि लाईफ जॅकेट घरी ठेवून फोनच्या भरवशावर कोणी जाऊ नका.

खाऱ्या पाण्यात पडलेला फोन चार्जिंगला अजिबात लावू नका. तांदळात ठेवून पाणी थोडं सुकेल, मीठ आतच राहतं आणि भाग खात जातं.

बॅटरी फुगली असेल, पाठीमागचं झाकण उचललं गेलं असेल, तर तो फोन घरात ठेवायचा नाही. टोचायचा नाही, दाबायचा नाही, उन्हात तर नाहीच. लिथियमची बॅटरी पेटली की विझवणं कठीण, आणि आपल्या घरांत जाळी, डिझेलचे कॅन किती असतात ते सांगायला नको. पत्र्याच्या डब्यात कोरडी रेती घालून घराबाहेर पावसाला लागणार नाही असा ठेवा. पुळणीवरची ओली रेती नको, खाऱ्या ओलाव्याने शॉर्ट होतं.

अगदी मेलेला फोन कचऱ्यात किंवा साध्या भंगारात जाऊ देऊ नका. फोनात सोनं असतं, पण ग्रॅमचे काही शतांश. तेवढ्यासाठी भंगारात बोर्ड जाळतात, अ‍ॅसिडमध्ये बुडवतात आणि ते पाणी नाल्यात सोडतात. नाला कुठे जातो ते आपल्याला माहीत आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, आणि त्याप्रमाणे हे काम फक्त नोंदणी असलेल्या रिसायकलरनेच करायचं.

म्हणून सोसायटीच्या ऑफिसात डिझेलच्या खिडकीजवळ खोका ठेवला आहे. फोन, चार्जर, इअरफोन चालतील. फुगलेली बॅटरी खोक्यात टाकू नका, डब्यासकट माझ्या हातात द्या. महिनाअखेरीस सगळं नोंदणीवाल्या रिसायकलरकडे जाईल आणि त्याची पावती नोटीस बोर्डावर लागेल. रिसेट करायला जमत नसेल त्यांनी शनिवारी सकाळी दहानंतर या, पासवर्ड आठवून या.

– सचिव