सप्लाय काढला, पण वायर लावली का?

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'अध्यारोपण' हा शब्द मी मागच्याच महिन्यात पहिल्यांदा वाचला आणि तो उच्चारताना अजूनही अडखळतो. म्हणून या लेखात मी सुपरपोझिशनच म्हणणार. मराठी विभागाने सांभाळून घ्यावं.

प्रमेय मला तोंडपाठ होतं. रेषीय सर्किटमध्ये अनेक स्रोत असतील तर एका वेळी एकच चालू ठेवायचा, त्याच्यामुळे येणारा करंट काढायचा आणि शेवटी दिशा बघून सगळ्यांची बेरीज करायची. पाठांतरात आपण यवतमाळकर कमी नाहीच. घोळ झाला तो लॅबमध्ये.

सर्किट साधं होतं. 12 व्होल्टचा सप्लाय 60 ओहममधून आणि 6 व्होल्टचा सप्लाय 30 ओहममधून एकाच बिंदूला जोडलेला. त्या बिंदूपासून खाली 60 ओहमचा लोड. दोन्ही सप्लायची निगेटिव्ह टोकं लोडच्या खालच्या टोकाला. दोन्ही चालू असताना लोडमध्ये 100 मिलिअँपिअर. मग मी 6 व्होल्टच्या सप्लायच्या वायरी उपसून टेबलावर ठेवल्या. मीटर पुन्हा 100! 12 व्होल्टचा काढला तेव्हा 67. बेरीज 167.

मी काय केलं? शेजारच्या टेबलावरचे 50 आणि 50 जर्नलमध्ये उतरवले. सहीही मिळाली.

रात्री होस्टेलवर व्हायव्हाची तयारी सुरू होती. माझा रूममेट दिग्रसचा. जर्नल पाहून म्हणाला, "तुले हे 50 आले कसे, सांग बरं." मला सांगता येईना. शेवटी खरं ते बोललो. तो हसला. "अबे, तुनं सप्लाय काढला, पन त्याच्या जागी वायर लावली का?"

मुद्दा एवढाच होता. व्होल्टेज सोर्स 'शून्य' करायचा म्हणजे त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज शून्य करायचं, करंटची वाट बंद करायची नाही. म्हणून सप्लाय बाजूला काढून मोकळ्या झालेल्या दोन वायरी एकमेकींना जोडायच्या. (चालू सप्लायचीच टोकं कृपा करून शॉर्ट करू नका.) करंट सोर्स असेल तर उलट, तिथे जागा उघडी सोडायची.

आता हिशेब बघा. फक्त 12 व्होल्ट: 30 आणि 60 समांतर म्हणजे 20 ओहम. बिंदूवर 12 गुणिले 20 भागिले 80, म्हणजे 3 व्होल्ट. लोडमध्ये 50. फक्त 6 व्होल्ट: 60 आणि 60 समांतर 30, बिंदूवर पुन्हा 3 व्होल्ट, पुन्हा 50. झाले 100.

आणि 6 व्होल्टचा उपसूनही मीटर हललं का नाही? दोन्ही चालू असताना बिंदूवर 6 व्होल्ट असतात, म्हणजे 30 ओहमच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज. तो सप्लाय करंट देतच नव्हता!

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी पानावर लाल रेघ मारली आणि प्रयोग पुन्हा करायला लावला. या वेळी 49 आणि 50 आले, तेच लिहिले.

हे तत्त्व सर्किटसाठी 1853 मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी मांडलं. ते शिकलेले डॉक्टर आणि तेव्हा शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. स्नायूंतली वीज समजून घेता घेता ते इथवर आले. मेकॅनिकलवाल्यांनी आपल्याला काही म्हणू नये.

व्हायव्हात मॅडमनी विचारलं, "लोडची पॉवर किती?" मी लगेच एकेका सप्लायची 0.15 वॅट मिळवून 0.3 म्हणालो. चूक. पॉवर करंटच्या वर्गावर जाते, तिची अशी बेरीज होत नाही. आधी करंट मिळवा, मग वर्ग करा: 0.6 वॅट, बरोबर दुप्पट. डायोड असलेल्या सर्किटमध्ये तर करंटचीही बेरीज चालत नाही, कारण ते रेषीयच नाही.

मग त्यांनी 6 व्होल्टचा सप्लाय उलटा जोडायला सांगितला. एकेकट्याने 50 देणारे दोघं, एकत्र आले तर लोडमध्ये शून्य. या वेळी मी मीटर लावायच्या आधीच उत्तर दिलं.