लांडगा चावला तर दहा दिवस कशाची वाट बघायची?

वर्गमित्रांनो, आपल्या वर्गात आम्ही पाच-सहा मुले धनगरांची आहोत. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाची जत्रा झाली की आमचे वडील आणि चुलते बकरी घेऊन बाहेर पडतात. लांडगा येतो तो बकऱ्यांसाठी, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पण पिसाळला की त्याची भीती मोडते. मग तो तळावर, गावात कुठेही शिरतो आणि समोर येईल त्याला चावतो. म्हणून ही माहिती मी सरांना आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून लिहिली आहे. पालकांनीही वाचावी.

पिसाळण्याच्या रोगाला रेबीज म्हणतात. त्याचे विषाणू लाळेतून जखमेत जातात आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतात. त्याला बहुधा एक ते तीन महिने लागतात. तेवढ्यात लस घेतली तर माणूस वाचतो. एकदा का पाण्याची, वाऱ्याची भीती वाटू लागली, की मग औषध नाही. लांडगा पुष्कळदा तोंडाला, मानेला चावतो. तिथून मेंदू जवळ, म्हणून वेळ आणखी कमी.

आमच्या तळावर म्हणतात, "जनावर दहा दिवस बघा, मेलं तरच सुई घ्या." हे अर्धेच खरे आहे. दहा दिवसांचा नियम फक्त कुत्रा आणि मांजर यांना. ते डोळ्यांसमोर दहा दिवस धडधाकट राहिले तर डॉक्टर पुढची इंजेक्शने थांबवू शकतात. पण पहिले इंजेक्शन त्याच दिवशी घ्यायचे असते. लांडगा, कोल्हा, तरस, मुंगूस यांना हा नियमच नाही. एक तर चावून गेलेला लांडगा बघायला सापडणार कुठे? रानटी जनावराचा चावा डॉक्टर तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात धरतात.

मग जनावर अर्धे कुत्रे आणि अर्धे लांडगा असेल तर? ही गंमत नाही. पुण्याकडच्या माळावर लांडग्यांत वेगळ्याच पिवळट रंगाचे जनावर दिसले होते. द ग्रासलँड्स ट्रस्ट आणि बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी त्याची जनुकीय तपासणी केली, तेव्हा ते लांडगा आणि कुत्रा यांचा संकर निघाले. हे 2023 साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत असे संकर लोक हौसेने पाळतात. पण कुत्र्याची लस संकराला किती लागू पडते हे सिद्ध झालेले नाही, म्हणून तिथे संकरासाठी मान्य लस नाही. दहा दिवसांचा नियमही त्याला लावत नाहीत. पुष्कळ ठिकाणी तो माणसाला चावला तर त्याला मारून मेंदू तपासतात. तेव्हा दिसायला कुत्रे असले तरी शंका आली की लांडगाच चावला असे धरावे. आणि लांडग्याचे पिल्लू धरून पाळणे हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

लुई पाश्चर यांनी जुलै 1885 मध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वाचवले, हे आपण ऐकले आहे. पुढच्या वर्षी रशियातल्या स्मोलेन्स्ककडून 19 माणसे पॅरिसला आली. त्यांना पिसाळलेला लांडगा चावला होता. इतक्या उशिरा पोहोचूनही 16 जण वाचले. कुठे रशिया, कुठे पॅरिस! आपले आरोग्य केंद्र सायकलीने अर्ध्या तासावर आहे.

चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा म्हणजे पुरी पंधरा. चुना, हळद, तिखट काही लावू नये. मग थेट दवाखाना. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. चावा कोणत्याही दिवशी असो, पहिल्या सुईचा दिवस 0 धरायचा आणि 0, 3, 7, 28 या दिवशी दंडात सुई घ्यायची. रक्त आले असेल तर जखमेतच सीरम टोचतात. ते तिथे नसेल तर मोठ्या सरकारी दवाखान्यात, आपल्याकडे कोल्हापूरच्या सीपीआरला, जावे लागते. आमच्या आज्ज्याला पोटात चौदा सुया घ्याव्या लागल्या होत्या, म्हणून तो अजून दवाखान्याचे नाव काढले की पोट धरतो. ती लस मेंढराच्या मेंदूपासून करत. भारतात ती 2004 च्या अखेरीस बंद झाली, हे त्याला पटतच नाही!

धनगरांची खरी अडचण अठ्ठाविसावा दिवस. तोवर तळ चार गावे पुढे गेलेला असतो. कार्ड पिशवीत जपून ठेवावे आणि ज्या गावी असू तिथल्या सरकारी केंद्रात दाखवून उरलेली सुई घ्यावी. लांडगा चावला तर वनखात्यालाही लगेच कळवावे, पंचनामा झाला की भरपाई मिळते.

कुत्र्यांना पहिली लस तिसऱ्या महिन्यात आणि मग दरसाल टोचतात. आमची पाच कुत्री आहेत. घरच्या तिघांना यंदा गुरांच्या दवाखान्यात नेऊन टोचून आणले. दोन वडिलांबरोबर बाहेर आहेत. जाईल त्या गावच्या दवाखान्यात त्यांना टोचून घ्या, असे मी वडिलांना फोनवरून सांगितले आहे.