सर्व्हर बंद का ठेवावा लागतो?



मागच्या पंधरवड्यात जालन्यास मस्तगड भागात आमचे कामानिमित्त जाणे झाले. तेथील एका सेवा केंद्रावर आपले पाच-सहा सभासद सात-बाराच्या उताऱ्यासाठी सकाळपासून बसून होते. "सर्व्हर डाऊन आहे, दुपारून या," एवढेच उत्तर. एका वयस्कर सभासदांनी आम्हास विचारले, "साहेब, या यंत्राला बी झोप लागती का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपली ऊसनोंद, वजनपावती आणि उसाचे बिल आता संगणकावरच असते.

सर्व्हर म्हणजे अनेक संगणकांना माहिती पुरविणारा व त्यांच्या नोंदी सांभाळणारा मुख्य संगणक. तो रात्रंदिवस चालू असतो. प्रत्येक कामासाठी प्रोग्राम मेमरीत थोडी जागा घेतो आणि काम उरकल्यावर ती सोडतो. प्रोग्राममध्ये चूक असली तर थोडी थोडी जागा अडकून राहते. आपल्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो ना, तसाच हा प्रकार. पहिल्या दिवशी काही कळत नाही. पुढे वाफ तेवढीच, पण रस पहिल्यासारखा आटत नाही. मग गाळप थांबवून भांडी साफ करावी लागतात. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की मेमरी मोकळी होते. मात्र दर आठ दिवसांनी तेच करावे लागत असेल, तर प्रोग्रामची चूकच शोधली पाहिजे. नुसते बंद-चालू करून दुखणे झाकते.

वेळीच बंद न केल्याने काय होते, याचे एक दारुण उदाहरण आहे. आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा शंभर तासांहून अधिक काळ सलग चालू होती. तिच्या वेळेच्या हिशेबात बारीक चूक होती. ती साठत साठत सेकंदाच्या एक-तृतीयांशापर्यंत गेली. येणारे इराकी क्षेपणास्त्र यंत्रणेने भलत्याच जागी शोधले आणि २८ सैनिक ठार झाले. फार वेळ सलग चालवू नका असे आधी कळविले होते, पण 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे सांगितले नव्हते! सुधारलेला प्रोग्राम तेथे दुसऱ्या दिवशी पोहोचला.

दुसरे कारण सुधारणांचे. चालत्या मिलचा रोलर बदलता येत नाही, तसेच इथे. नवा प्रोग्राम डिस्कवर भरला तरी मेमरीत जुनाच चालू असतो. बहुतेक वेळा पुन्हा सुरू केल्यावरच नवा लागू होतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' व्हायरसने जगभरचे संगणक अडविले. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती भरून घेतली नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांना फटका बसला.

आता बंद ठेवायचे केव्हा? नोव्हेंबर २०२१ मध्ये रेल्वेने आरक्षणाची यंत्रणा सात रात्री ११.३० ते पहाटे ५.३० अशी बंद ठेवली होती, आणि तसे आधी जाहीर केले होते. हे रास्त झाले. बंद ठेवण्याबद्दल आमची तक्रार नाही, न सांगता बंद ठेवू नये एवढेच. आपल्या वजनकाट्याला मात्र हंगामात रात्रच नसते. म्हणून आमचे मत असे की, गाळप सफाईसाठी थांबते त्याच वेळेत सर्व्हरचे काम उरकावे आणि मोठी दुरुस्ती हंगामाआधी करावी.

बंद करताना बटण दाबून मोकळे होता येत नाही. काही नोंदी मेमरीतून डिस्कवर उतरायच्या असतात. वीज गेली तर त्या गमावतात. बॅटरीचा आधार त्यासाठीच.

भरलेल्या गाडीचे वजन झाले आणि रिकाम्या गाडीच्या वजनाआधी यंत्र बंद पडले, तर काट्यावरून हातपावती सहीनिशी मागून घ्यावी. यंत्र सुरू झाल्यावर छापील पावतीशी ती ताडून पाहावी. फरक आढळल्यास दोन्ही पावत्या घेऊन लगेच गट ऑफिसात यावे. लागणीची नोंद शेवटच्या तारखेवर ठेवू नये. त्या दिवशी गर्दीही असते आणि यंत्रही अडते. तोडणीचा नंबर लागणीच्या तारखेवरून लागतो, पण नोंदच नसेल तर आम्ही तरी नंबर कशावरून लावणार?