भागाकार उलटला, प्रांत हरवला

वर्तकनगरात माझ्याकडे येणारी अकरावीची मुलं परिमेय फलांचा भागाकार पटकन करतात. भाजक उलटा करायचा, गुणायचं, झालं. राशी बरोबर येते, प्रांत मात्र चुकतो.

फ(क्ष) = (क्ष − २)/(क्ष + ३) आणि ग(क्ष) = (क्ष − ५)/(क्ष + १) घ्या.

फ ÷ ग = (क्ष − २)(क्ष + १)/[(क्ष + ३)(क्ष − ५)]

छेद बघून मुलं −३ आणि ५ वगळतात. −१ चं काय? उलटताना तो अंशात जाऊन बसला. उत्तरात −१ घातला तर निमूटपणे ० येतं, म्हणून शंकाही येत नाही. पण क्ष = −१ असताना ग ला किंमतच नाही, मग भागणार कशाने? वगळायच्या संख्या तीन: −३, −१, ५.

शून्य असं गुपचूप छाटलं जाणं जुनंच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) एक उदाहरण आहे: एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच निम्मं मिळवलं, तिप्पट केली, शून्याने भागलं, तर ६३ आले. उत्तर १४! शून्याला शून्य कापलंय. आजच्या परीक्षेत हे चालणार नाही.

पालकांनी वही बघताना एवढंच विचारावं, "उलटण्याआधी दोन्ही छेद बाजूला लिहिलेस का?"