लोहखनिजांतील सूक्ष्म चुंबकत्व

ऊर्जानगरांत राहणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांची विजेशीं ओळख लहानपणींच होते. चुंबकाशीं मात्र ती बहुधा पाठ्यपुस्तकांतूनच होते. तथापि चुंबकविद्येचा एक नामांकित धडा आपल्याच डोंगरांत पडलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील लोहारा व गडचिरोली जिल्ह्यांतील सुरजागड येथें हेमॅटाइट नांवाचें लोहखनिज सांपडतें. तें लोखंड व ऑक्सिजन यांचें संयुग होय.

मॅग्नेटाइटाची पूड चुंबकास चटकन् चिकटते; शुद्ध हेमॅटाइटाची पूड साध्या चुंबकापुढें फारशी हालत नाहीं. यावरून हेमॅटाइटांत चुंबकत्व नाहींच, असें आपण म्हटलें तर तें चुकेल.

प्रत्येक लोहाणु हा एक लहानसा चुंबकच आहे. हेमॅटाइटांत लगतच्या थरांतील लोहाणु परस्परांच्या उलट दिशेस तोंड करून असतात, म्हणून एकाचें बळ दुसरा नाहींसें करितो. एका गाडीस दोन बैल उलट बाजूंनीं जुंपले तर ती जागची हालत नाहीं, तसेंच हें. परंतु दोन्ही बैल एकाच अंगास किंचित् कलले, तर गाडी त्या अंगास सरकेल. हेमॅटाइटांत असाच कल असतो. तो एका अंशाच्या दशांशाहूनही कमी. पण तेवढ्यानें थोडें चुंबकत्व शिल्लक राहतें.

हा कल कां पडतो, हें रशियन शास्त्रज्ञ झ्यालोशिन्स्की यांनीं १९५७-५८ च्या सुमारास स्फटिकाच्या रचनेवरून दाखविलें. इलेक्ट्रॉनाचें भ्रमण व त्याचें अंगचें चुंबकत्व यांच्या संबंधांतून तो उत्पन्न होतो, हें १९६० सालीं जपानी शास्त्रज्ञ मोरिया यांनीं उलगडलें. मळसूत्रास जसा उजवा किंवा डावा आटा असतो, तसा या क्रियेसही असतो. दोन अणूंचा क्रम बदलला कीं तिचें चिन्ह बदलतें. सुमारें उणे १३ अंश सेंटिग्रेडखालीं हेमॅटाइटांतील अणुचुंबक आपली दिशा बदलतात आणि तो कल नाहींसा होतो.

एका ऑक्साइडाचा पातळ थर दुसऱ्यावर चढविला, तर सीमेवर वरची व खालची बाजू सारखी राहत नाहीं. त्यामुळें तेथेंही हीच क्रिया जागृत होऊं शकते, व अणुचुंबकांचे भोवरे बनूं शकतात. त्यांस स्किर्मिऑन म्हणतात. त्यांच्या साह्यानें अल्प विजेंत माहिती सांठवितां यावी, अशी संशोधकांस आशा आहे. कोळसा जाळून वीज होते तेथें राहणाऱ्या आम्हांस अल्प विजेचें मोल निराळें सांगावयास नको.

वाचकहो, जें मोजण्यास कठीण तें शून्यच, असें मानूं नये. आपल्या डोंगरांतील दगड हेंच शिकवितो.