आधी मिशीवाल्यांचा विचार कर, गं

तुझ्या टँकचा व्हिडिओ नीट बघितला, गं. खुर्सीपारच्या त्या बाहेरच्या खोलीत तीन फुटी टँक ऐटीत दिसतोय यात शंकाच नाही. पण आत दोन ऑस्कर, दोन एंजल, मूठभर निऑन टेट्रा, काचेला चिकटलेला एक सकर आणि दुकानदाराने ‘शार्क’ म्हणून दिलेले दोन चंदेरी मासे! रोज सकाळी एक निऑन कमी होतो आणि कुठे जातो कळत नाही, असं म्हणालीस ना? तो ऑस्करच्या पोटात जातो. आणि त्यात तुझं काही चुकलेलं नाही. दुकानात सगळे दोन-दोन इंचांचे असतात, एकाच टाकीत गुण्यागोविंदाने फिरत असतात. बघणाऱ्याला वाटणारच, की घरीही असेच राहतील.

तू घाबरून टँकच बंद करायला निघालीस. तसं काही करू नकोस. दोन-तीन गोष्टी नीट समजल्या की हे काम तुझ्या हातचं आहे.

बघ, सिक्लिड आणि कॅटफिश ही नावं परकी वाटतात, पण दोघंही तुझ्या ओळखीचे आहेत. बाजारात मिळणारा तिलापिया, उजनीचे मच्छीमार ज्याला चिलापी म्हणतात तो, सिक्लिडच. 1952 साली तो बाहेरून आपल्याकडे आणला गेला. टेंगरा, मांगूर, पढिन हे सगळे मिशीवाले म्हणजे कॅटफिश. एंजल आणि ऑस्कर हेही सिक्लिड, दोघंही मूळचे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले. या घराण्याचा स्वभाव एकच: जागा माझी, पिल्लं माझी, मध्ये कुणी आलं तर खपवून घेणार नाही. शेताच्या बांधावरून भांडणारे भाऊबंद आठव, अगदी तसे. म्हणून सोबती निवडताना रंग बघायचा नसतो. समोरच्याचं तोंड केवढं, त्याला पाणी कसं लागतं आणि मोठा झाल्यावर तो केवढा होणार, हे बघायचं.

आता खरं सांगू का, सगळा घोळ होतो तो कॅटफिशमुळे. लोक सिक्लिड हौसेने निवडतात आणि कॅटफिश मात्र ‘साफसफाईला एक टाका’ म्हणून आणतात. मला याचा फार राग येतो. मिशीवाला मासा दुसऱ्याची घाण खाऊन जगत नाही. त्याला स्वतःचं जेवण लागतं, लपायला जागा लागते आणि खाली मऊ तळ लागतो. कॅटफिश आणायचा असेल तर त्याच्यासाठी म्हणून आण. घाण काढायला तू आहेस, तुझा फिल्टर आहे आणि दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलणं आहे.

तुझा सकर, तोही कॅटफिशच, आता बोटाएवढा आहे. तो एक ते दीड फूट होतो. मोठा झाला की शेवाळ खाण्यातला त्याचा उत्साह कमी होतो, विष्ठा मात्र इतकी करतो की फिल्टर हात टेकतो. त्यातून तो उपाशी राहिला तर रात्री एंजलसारख्या चपट्या माशाच्या अंगाला चिकटतो आणि वरचा बुळबुळीत थर खरवडून खातो. सकाळी एंजलच्या कुशीवर पांढरट ओरखडा दिसला, तर आधी रोग समजून औषध ओतू नकोस, रात्री दिवा लावून सकर कुठे आहे ते बघ.

आणि ते ‘शार्क’? अगं, तो पंगास आहे, तोही मिशीवालाच, ज्याची आंध्रात मोठी शेती होते आणि जो तू मासळी बाजारात कापलेला बघतेस तोच. मेकाँग नदीतला मासा, मीटरभर वाढू शकतो. कळपाने राहणारा आणि कमालीचा भित्रा. कुणी दार आपटलं तरी काचेवर जाऊन नाक फोडून घेतो. घरच्या टँकमध्ये त्याला कधीच सुख नाही. लाल शेपटीचा रेडटेल कॅटफिश कुणी हौसेने देऊ केला तर त्यालाही हात जोड. तोही मीटरच्या पुढे जातो आणि शेजाऱ्याला अख्खा गिळतो.

मग ठेवायचं काय? आधी टँकचं माप घेऊ. लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुणाकार कर आणि 28 ने गुण, लिटर मिळतील. तुझा तीन बाय सव्वा बाय दीड, म्हणजे साधारण 158 लिटर. रेती, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता 135 च्या आसपास पाणी. एका ऑस्करलाच मोठेपणी 280 लिटर तरी हवं, म्हणजे चार बाय दीड बाय दोन फुटांचा टँक. तो पहिल्याच वर्षात दहा-बारा इंच होतो. तेव्हा दोन ऑस्कर तुझ्या टँकमध्ये ठेवणं त्यांच्यावरच अन्याय आहे. मला माहीत आहे, धाकट्याचा जीव त्यांच्यावर जडलाय, ते हातातून खातात, ओळखतात. पण पुढेमागे मोठा टँक घेशील तेव्हा एक ऑस्कर आण आणि त्याच्यासोबत त्याच्या तोंडात न मावणारा मिशीवालाच ठेव. ऑस्करसोबत कॉरी नावाची छोटी मिशीवाली कधीही टाकायची नाही. कॉरीच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या परांना टणक काटे असतात. संकटात ती ते ताठ करून अडकवून ठेवते. ऑस्कर तिला गिळायला जातो, काटे घशात रुततात आणि दोघंही जातात.

तुझ्या टँकला शोभेल ती एंजलची जोडी. दीड फूट उंची आहे, त्यांचे लांब पर नीट पसरतील. मात्र निऑन आता ठेवू नकोस. एंजल मोठे झाले की निऑन त्यांचा घास आहे, निसर्गातही ते हेच खातात. ब्लॅक स्कर्ट टेट्रा आणि टायगर बार्ब तर नकोच, ते एंजलचे पर कुरतडतात.

खाली कॉरी ठेव, पण एकटी-दुकटी नको, सहाच्या पुढे. एकटी कॉरी कोपऱ्यात रुसल्यासारखी बसते. सहाजणी असल्या की दिवसभर रेतीत तोंड खुपसून काहीतरी शोधत फिरतात, बघत बसावंसं वाटतं. त्यासाठी ती रंगीत टोकदार खडी मात्र काढून टाक. खडीने त्यांच्या मिशा झिजतात, जखमा होतात, मग खाणंच सुटतं. बारीक रेती आण, चाळ, स्वच्छ पाणी येईपर्यंत बादलीत धू आणि दोन बोटं जाड पसर. आणि हो, कॉरी अचानक सुळकन वर येऊन हवेचा घोट घेऊन खाली गेली तर दचकू नकोस. ती आतड्यातूनही हवा घेऊ शकते, हा तिचा नेहमीचा उद्योग आहे. सगळ्याजणी सारख्या वर येऊ लागल्या, तेव्हा समज की पाण्यात प्राणवायू कमी पडतोय.

शेवाळासाठी एखादा हवाच असेल तर ब्रिसलनोज घे. तोही सकरच्याच जातकुळीतला, पण चार-पाच इंचांवर थांबतो. लहानपणी दोघं सारखे दिसतात आणि दुकानदार छातीठोकपणे दोन्ही ‘ब्रिसलनोज’ म्हणून देतो. म्हणून पाठीवरचा पर उघडेपर्यंत थांब आणि त्यातल्या काड्या मोज. ब्रिसलनोजला सात-आठ असतात, मोठ्या होणाऱ्या सकरला दहा किंवा जास्त, आणि त्याचा पर शिडासारखा उंच दिसतो. ब्रिसलनोजला लाकडाचा एक तुकडा दे आणि रात्री उकळत्या पाण्यातून काढलेली दोडक्याची किंवा काकडीची चकती. सकाळी उरलेली काढून टाकायची, विसरायचं नाही.

जेवणाचं गणित इथेच चुकतं बघ. एंजल दिवसा आणि वरच्या थरात खातात, ब्रिसलनोज रात्री. कॉरी दिवसाही फिरतात, पण तळातलंच खातात. तू सकाळी तरंगणारे दाणे टाकतेस, ते सगळे एंजल संपवतात आणि खालचे उपाशी. दिवा बंद केल्यावर अर्ध्या तासाने तळाला जाणाऱ्या गोळ्या टाक. एवढ्या एका सवयीने निम्मी भांडणं मिटतात.

एंजल अंडी घालतील तेव्हा मात्र त्यांचा अवतार बदलेल. फिल्टरच्या नळीवर किंवा रुंद पानावर ओळीने अंडी चिकटवतील आणि जवळ येणाऱ्याला पळवून लावतील. दिवसा त्यांचं राज्य, पण अंधारात त्यांना दिसत नाही आणि कॉरी गुपचूप अंड्यांवर ताव मारतात. पिल्लं हवी असतील तर जोडी वेगळ्या टँकमध्ये हलव. नको असतील तर जे होतंय ते होऊ दे, कुणाला शिक्षा करू नकोस.

तू आफ्रिकन सिक्लिडचंही विचारलंस, ते पिवळेधमक आणि निळे. ते मलावी सरोवरातले. त्यांना जड, क्षारयुक्त पाणी आवडतं, एंजलला मवाळ. म्हणून दोघांचा संसार एका टँकमध्ये मांडायचाच नाही. तुझ्याकडे आरओवाल्याचं टीडीएस मीटर असेल, तर नळाचं आणि बोअरचं पाणी दोन वाट्यांत घेऊन बघ. एरवी बोअरचं पाणी जास्त जड निघतं आणि ते आफ्रिकनांना चालून जातं. संगमरवराची खडी पाण्याला आणखी जड करते, म्हणजे त्यांना बरी आणि एंजलला वाईट. त्यांच्यातले पिवळे लॅब त्यातल्या त्यात शांत. पण हे पाळणाऱ्याने मांसाचे दाणे तळाला टाकायचे नाहीत, मलावीतले बरेचसे सिक्लिड शेवाळ खाणारे, जड खाण्याने त्यांची पोटं फुगतात. सोबतीचा कॅटफिश निवडताना हेही बघावं लागतं. आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवरात सायनोडॉन्टिस जातीचा एक ठिपक्यांचा कॅटफिश आहे. सिक्लिडची मादी आपली अंडी तोंडात उचलून घेते, त्याच घाईत हा आपली अंडी मध्ये सरकवतो. ती बिचारी परकी अंडी तोंडात वाढवते, आणि कॅटफिशची पिल्लं आधी बाहेर येऊन तिचीच पिल्लं खातात. कोकिळेने कावळ्याला फसवावं तसं.

सासूबाईंना वास्तूसाठी ईशान्येला फ्लॉवरहॉर्न हवाय म्हणालीस. त्यांना प्रेमाने सांग, तो माणसाने संकर करून तयार केलेला मासा आहे, गेल्या शतकाच्या अखेरीस मलेशियात निघाला. तो टँकमध्ये एकटाच राहतो. त्याच्यासाठी वेगळा टँक घेता आला तर जरूर आणा. यांच्यात नको.

आता आपल्या भिलाईच्या हवेचं. भर उन्हाळ्यात, नवतप्यात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा टँकचं पाणी 32 च्या पुढे जायला वेळ लागत नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि आधी त्रास होतो तो कॉरींना, त्यांना 26 पर्यंतच बरं वाटतं. शक्य असेल तर स्टर्बाय जातीची कॉरी बघ, ती 28 सहज सोसते. टँक खिडकीच्या उन्हातून हलव, झाकण अर्धं उघडं ठेवून पृष्ठभागावर छोटा पंखा लाव. बर्फ पाण्यात टाकायचा नाही. बाटलीत पाणी गोठवून ती बंद बाटली तरंगत ठेवायची. वीज गेली की सगळं थांबतं, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू दे. आणि डिसेंबरच्या रात्री हीटर.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला अँटीक्लोरीन थेंब वापर. आणि मिशीवाल्यांना खवले नसतात, म्हणून पांढरे ठिपके आले तर औषध बाटलीवरच्या मापाच्या निम्म्याने सुरू कर. नवे मासे थेट टँकमध्ये टाकू नकोस, दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेव. आधी कॉरी, मग ब्रिसलनोज, सगळ्यात शेवटी एंजल. तुझे एंजल आधीच आत आहेत, तर नवे सोडायच्या दिवशी दगड-लाकडाची जागा बदल. हद्दी मोडल्या की जुन्यांची मालकी विसरली जाते.

या सगळ्याला घाई करू नकोस. एका रविवारी दुकानात जा, दोन्ही ऑस्कर, दोन्ही पंगास आणि सकर परत दे. पैसे परत मिळणार नाहीत, पण बहुतेक दुकानदार त्यांच्या बदल्यात कॉरी द्यायला तयार होतात. एका दुकानाने नाही म्हटलं तर दुसऱ्याला विचार.

आणि एक गोष्ट मात्र माझी ऐकायचीच. परत कुणी घेतलं नाही म्हणून सकर किंवा पंगास शिवनाथ नदीत, मैत्रीबागेच्या तळ्यात किंवा गावच्या कुठल्या तलावात सोडू नकोस. सकर आपल्याकडच्या पाण्यात टिकतो, वाढतो. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत त्याने मच्छीमारांना हैराण केलं आहे, देशी माशांचं खाणं आणि जागा खातो, जाळी फाडतो. थाई मांगूरची शेती 2000 साली आपल्याकडे बंद करावी लागली, तो देशी माशांना संपवतो म्हणूनच. तेव्हा नकोसे झालेले मासे घरातल्या टबात ठेव, मला फोन कर, मी कुणीतरी मोठ्या टँकवाला शोधून देते.